बोनेटवरचा बिल्ला झाकला तर कोणती गाडी कोणत्या कंपनीची हे ओळखू का येत नाही?

मांजराकाठ, लातूर

नमस्कार मंडळी. दिवाळीला गाडी घ्यायचं घरात ठरलंय. बजेट दहा-बारा लाख, म्हणून चार मीटरच्या आतल्या एसयूव्ही बघतोय. ब्रेझा, नेक्सॉन, सोनेट, कायलॅक, एक्सयूव्ही ३एक्सओ, सगळ्या शोरूमला जाऊन आलो. सोबत वडील होते. त्यांनी आधी साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांची अँबॅसेडर चालवली, मग फियाट, मग स्वतःची काळी-पिवळी जीप. उभं आयुष्य स्टिअरिंगवर गेलंय. तिसऱ्या शोरूममधून बाहेर पडताना म्हणाले, "आमच्या वेळंला रेणापूर नाक्यावर उभं ऱ्हायलं की लांबूनच कळायचं, अँबॅसेडर येतीय का फियाट. आता बिल्ला झाकला तर समद्या एकाच मायच्या लेकी."

मीही घरी येऊन मोबाइलमधले फोटो बघितले. बाजूने काढलेल्या फोटोंत दोन गाड्यांची नावं मलाही पटकन सांगता येईनात. चाकांवर काळं प्लास्टिक, मागं चढत जाणारी काचेची रेघ, छत मागून काळं केलेलं, पुढं वर बारीक दिवे आणि खाली मोठे दिवे.

कंपन्या एकमेकांची सरळ नक्कल करतात का? का सगळ्यांचे पार्ट एकाच ठिकाणी बनतात? का यामागं काही नियम आहे? संभाजीनगर पट्ट्यात या धंद्यातले बरेच जण आहेत, त्यांनी जरा नीट सांगावं. वडिलांनाही वाचून दाखवणार आहे.

पार्टवाला, नांदेड

भाऊ, आधी एक गोष्ट वेगळी काढून ठेवा. काही गाड्या नुसत्या सारख्या दिसत नाहीत, त्या एकच असतात. माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, रोज काउंटरवर हेच चालतं. २०१९ ला टोयोटाची ग्लान्झा आली, ती म्हणजे मारुतीची बलेनोच. समोरची जाळी आणि बिल्ले सोडले तर सगळं तेच. ब्रेझाची अर्बन क्रूझर झाली, एर्टिगाची रुमियन झाली, फ्रॉन्क्सची टायसर झाली. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या जुळ्या तर सुरुवातीला दोन्ही कर्नाटकात, टोयोटाच्या बिडदीच्या कारखान्यातच बनल्या. त्याआधी रेनोच्या डस्टरवरून २०१३ ला निसानची टेरानो निघाली. तोंड आणि मागचे दिवे वेगळे, छत आणि काचा त्याच. फोक्सवॅगनची व्हेंटो आणि स्कोडाची रॅपिड, तसंच आत्ताच्या टायगुन-कुशाक आणि व्हर्टस-स्लाव्हिया.

यात चोरी काहीच नाही, दोन कंपन्यांचा करार असतो. नवीन गाडी उभी करायला शेकडो कोटी लागतात, ते वाटून घेतात. गिऱ्हाईकाचाही यात फायदा आहे. ग्लान्झाची काच मिळत नसली तर मी बलेनोची देतो, बसती.

पण तुम्ही बघितलेल्या पाच गाड्या पाच कंपन्यांच्या आहेत आणि त्यांचा आपसात असा करार नाही. त्या कामून सारख्या दिसतात, ते जाणकारांनी सांगावं.

परभणीकर

मला तर ही सरळ नक्कलच वाटते. एकाची गाडी चालली की वर्षा-दोन वर्षांत दुसरा तशीच काढतो. चीनच्या लँडविंड एक्स-७ आणि रेंज रोव्हर इव्होकचे फोटो शेजारी ठेवून बघा. जग्वार लँड रोव्हर कोर्टात गेली आणि २०१९ ला बीजिंगच्या कोर्टानं तिच्या बाजूनं निकाल दिला. आपल्या महिंद्राची रॉक्सर अमेरिकेत गेली तेव्हा जीपवाल्यांनी तक्रार केली. २०२० ला तिथल्या व्यापार आयोगानं ती विक्री अडवली, मग महिंद्राला पुढचं तोंड बदलावं लागलं, तेव्हा कुठं मोकळीक मिळाली. महिंद्रा १९४७ पासून विलीजची जीप जोडत आलेली कंपनी, तरी तिच्यावर ही वेळ आली. म्हणजे नक्कल होते हे कोर्टातच ठरलंय की.

डायफिटर, वाळूज

मांजराकाठ भाऊ, मी वाळूजच्या एका टूलरूममध्ये डाय फिटर आहे. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकलो, तेव्हापासून पत्रा दाबायच्या डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे लोखंडी साचेच करतोय. दरवाजे, फेंडर, बोनेट, साइडचे मोठे पॅनल. वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग आमच्या बेंचवरून गेलेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण या प्रश्नावर लोक डिझायनरला शिव्या घालतात आणि ते मला पटत नाही.

परभणीकरांनी सांगितलेल्या दोन्ही केसेस खऱ्या आहेत. पण त्या एका ठरावीक गाडीची ठरावीक नक्कल केल्याच्या आहेत. तुमच्या पाच गाड्यांचं तसं नाही. तुम्ही एक करा, पुढच्या वेळी शोरूमला जाताना मोजायची टेप घेऊन जा. ब्रेझाची लांबी ३,९९५ मिलिमीटर. सोनेट ३,९९५. कायलॅक ३,९९५. नेक्सॉन एक मिलिमीटर इकडं-तिकडं, ३एक्सओ ३,९९०. आता पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा. ब्रेझा २,५००, सोनेट २,५००, नेक्सॉन २,४९८. ब्रेझा आणि सोनेटची रुंदीही सारखीच, १,७९०. जपानी, कोरियन, चेक आणि आपली देशी, एवढ्या लांबलांबच्या कंपन्या दोन-पाच मिलिमीटरवर येऊन मिळतात, हे कुणी कुणाचं बघून केलेलं नाही.

हे घडलं २००६ च्या बजेटपासून. त्यावेळचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी छोट्या गाडीवरची एक्साइज २४ टक्क्यांवरून १६ वर आणली. छोटी कुठली, तर लांबी ४,००० मिलिमीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १,२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १,५०० पर्यंत. तिथून सगळ्यांचं गणित फिरलं. टाटानं २००८ ला इंडिगोची डिकी आखूड करून इंडिगो सीएस काढली. मारुतीची डिझायर आधी ४,१६० होती, २०१२ ला ती ३,९९५ झाली. त्या डिझायरला मागून बघा. डिकी कुठं संपवली हे डिझायनरच्या मनावर नव्हतं. जीएसटी आला तरी तीच रेघ राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर फरक आणखी ठळक झाला, छोटीला १८ टक्के आणि मोठीला ४०. आठ लाखांच्या मूळ किमतीवर हा फरक पावणेदोन लाखांच्या वर जातो. पाच मिलिमीटर लांबीसाठी एवढा पैसा कोण सोडेल?

यातली एक गंमतीची गोष्ट. ब्रेझा २०१६ ला आली तेव्हा १,२४८ सीसीचं डिझेल इंजिन होतं, म्हणजे सवलतीत बसायची. पुढं तिला १,४६२ सीसीचं पेट्रोल इंजिन आलं आणि इंजिनमुळं ती सवलतीच्या बाहेर गेली. तरी लांबी ३,९९५ च आहे. कंपनीचं कारण मला माहीत असायचं कारण नाही, पण आमच्या बाजूनं सांगतो, एकदा त्या मापाच्या डाय आणि फिक्श्चर (जोडताना भाग पकडून ठेवणारे सांगाडे) उभे राहिले की माप बदलणं लई महागात पडतं.

आता चार मीटरमध्ये काय-काय बसवायचंय ते बघा. पुढं इंजिन, त्याच्यापुढं टक्कर झाली तर चुरगळायला जागा, मग पाच माणसं, मग त्यांच्या बॅगा. लांबी वाढवता येत नाही, म्हणून माणसाला ताठ बसवायचं आणि छत वर न्यायचं. रस्ते आपले असे, म्हणून पोट जमिनीपासून २०० मिलिमीटरच्या आसपास वर. चाक सोळा इंचाचं. हे सगळं केलं की गाडी आपोआप आखूड आणि उंच होते, १.६ मीटरच्या वर. बाजूनं बघितलं की उंच, जाडजूड पत्र्याची भिंत दिसते. हा दोष पाचही कंपन्यांच्या पुढ्यात सारखाच येतो आणि त्यावरचे उपायही मोजकेच आहेत. चाकांवर आणि दाराखाली काळं प्लास्टिक लावलं की पत्र्याची उंची डोळ्याला कमी वाटते. मागचा खांब काळा केला की छत तरंगल्यासारखं दिसतं आणि गाडी लांब वाटते. खिडकीची खालची रेघ मागं चढवली की उभ्या गाडीलाही ओढ येते. तुम्ही फोटोत जे-जे सारखं बघितलं, ते जवळपास सगळं या एका अडचणीतून आलंय.

पुढचा भाग सुरक्षेचा. १ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलला समोरून ताशी ५६ किलोमीटरनं आणि बाजूनं ५० नं टक्कर देऊन पास व्हावं लागतं, २०१९ पासून सगळ्याच गाड्यांना. शिवाय पायी चालणारा माणूस धडकला तर त्याचं डोकं बोनेटवर आपटतं, तेव्हा बोनेटच्या पत्र्याखाली दबायला मोकळी जागा लागते, इंजिनचा कडक भाग लगेच लागता कामा नये. म्हणून बोनेट वर उचललं गेलं आणि गाड्यांची नाकं बोथट, उभी झाली. जुनी उताराची, टोकदार नाकं गेली ती बऱ्याच अंशी यामुळं. काचेच्या बाजूचे खांब जाड झाले, खिडक्या अरुंद झाल्या. मधल्या खांबाचा पत्रा आता ९०० अंशांच्या वर तापवून डायमध्येच थंड करतात, त्याला साध्या दाराच्या पत्र्याच्या जवळपास पाचपट ताकद येते. हे काम मी जवळून बघितलंय. लालभडक पत्रा डायमध्ये जातो आणि काही सेकंदांत काळा होऊन बाहेर येतो, त्यानंतर त्याला ड्रिलनं भोक पाडायचं म्हटलं तर ड्रिलच जातं. नेक्सॉनला २०१८ च्या डिसेंबरमध्ये टक्कर देऊन गाड्या तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेचे पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. त्यानंतर गिऱ्हाईक शोरूममध्ये तारे विचारायला लागलं. मला या बदलाचा मनापासून आनंद आहे. यामुळं गाड्या सारख्या दिसत असतील तर दिसू द्या. पाचोड फाट्याजवळ चुराडा झालेल्या जुन्या गाड्या मी बघितल्यात, त्या एकमेकींपेक्षा कितीही वेगळ्या दिसत असल्या तरी.

आता माझ्या कामाचं. बाहेरचा पत्रा असतो ०.६५ ते ०.७ मिलिमीटर जाड. तो दाबताना चार-पाच डाय लागतात. आधी ड्रॉ, म्हणजे आकार देणं, मग कडा कापणं, भोकं पाडणं, कडा वळवणं. डिझायनरची रेघ संगणकावर तलवारीसारखी धारदार असते. ती आमच्याकडं आली की पत्रा बोलायला लागतो. दाराच्या मधून जाणारी जी उठावाची रेघ दिसते ना, तिथं डायचा टोकदार भाग पत्र्याला सगळ्यात आधी लागतो. पत्रा ओढला जाताना तो टेकलेला भाग जरासा सरकला, की रेघेच्या शेजारी दुसरी पुसट रेघ उमटते. आम्ही तिला स्किड लाइन म्हणतो. हाताला लागत नाही, नुसत्या पत्र्यावर डोळ्यालाही नीट दिसत नाही, पण रंग लागला आणि ट्यूबलाइटखाली गाडी उभी केली की दिसते. मग काय करायचं? दोन्ही बाजूंनी पत्र्याची ओढ सारखी राहील अशा जागी रेघ न्यायची, तिची धार जरा बोथट करायची. सगळ्या कंपन्यांचा पत्रा साधारण एकाच प्रतीचा, प्रेस सारखे, पत्र्याचं वागणंही सारखं. म्हणून रेघ ज्या उंचीवर आणि ज्या वळणानं बिनतक्रार निघते, तिथंच ती गाडीमागून गाडीत येते.

दुसरं, दार कधीच सपाट नसतं. एवढा पातळ पत्रा सपाट ठेवला तर अंगठ्यानं दाबल्यावर डबडब वाजतो. थोडा फुगवटा दिला की ताठ राहतो. फुगवटा फार दिला तर दाराची जाडी वाढते आणि आत बसणाऱ्याचा खांदा आखडतो. तेव्हा तोही सगळ्यांचा एका मर्यादेत.

नवा पॅनल ट्रायलला निघाला की आम्ही त्यावर ऑइल स्टोन फिरवतो. लांब, चपटा, बारीक दगड, हलक्या हातानं आडवा ओढायचा. जिथं पत्रा उंच आहे तिथं चकाकी येते, जिथं खोल आहे तिथं दगड लागतच नाही, तो डाग तसाच मळकट राहतो. मग डाय उघडून निळा रंग लावायचा, कुठं टेकतंय बघायचं आणि हातानं घासायचं. एका दाराच्या मुठीभोवतीच्या खळग्यासाठी आठवडे जातात. ज्या खळग्यात तुम्ही चार बोटं घालून दार उघडता, त्याच्या कडेला पत्रा हमखास खोल जातो. शोरूममध्ये गेलात की मुठीजवळ मान तिरकी करून वरच्या दिव्याचं प्रतिबिंब बघा. रेघ वाकडी न होता गेली असेल तर कुणीतरी तिथं जीव ओतलाय असं समजा. मला दोन कंपन्यांच्या गाड्यांतला फरक तिथं दिसतो.

वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं खरं आहे, पण त्यामागचं कारण वेगळं. अँबॅसेडर म्हणजे १९५० च्या दशकातली इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, पद्मिनी म्हणजे १९६० च्या दशकातली इटलीची फियाट ११००. दोन देशांतून, दोन वेळचे साचे आले आणि आपल्याकडं कित्येक वर्षं तसेच चालले. रस्त्यावर गाड्याच मुळी दोन-तीन तऱ्हेच्या, ओळखायला किती वेळ लागणार? त्याच काळात युरोपातल्या माणसाला विचारलं असतं तर तो तुमच्या वडिलांसारखंच बोलला असता. इटलीच्या पिनिनफारिना स्टुडिओनं १९५९-६० ला इंग्लंडची नवी मॉरिस ऑक्सफर्ड आणि फ्रान्सची पूजो ४०४ अशा दोन देशांच्या गाड्यांना रूप दिलं. फोटो शोधून बघा, दोघी बहिणी वाटतात.

शेंद्रा_डिझाइन, छत्रपती संभाजीनगर

काकांनी पत्र्याचं इतकं छान लिहिलंय की मी फक्त प्लास्टिकचं लिहिते. मी बंपर आणि दिव्यांच्या भागांचं सीएडी, म्हणजे संगणकावरचं आरेखन, करते. आपल्या शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात, ते बघतच मोठी झाले आणि या कामात आले.

गाडीच्या अंगाला जशी कायद्याची आणि पत्र्याची बंधनं, तशी तोंडाला फार नाहीत. बंपर, जाळी, दिवे सगळं प्लास्टिक, मोल्डमधून निघणारं. पत्र्याच्या डायपेक्षा मोल्ड बदलणं स्वस्त आणि लवकर होणारं. म्हणूनच तीन-चार वर्षांनी फेसलिफ्ट येतं तेव्हा बहुतेक वेळा बंपर, जाळी आणि दिवेच बदलतात, दारं तीच राहतात. फॅशन पसरते ती इथंच. वर बारीक दिवा आणि खाली बंपरमध्ये मुख्य हेडलाइट ही पद्धत बघा. २०१० ला निसानच्या ज्यूकमध्ये तोंडाचे असे दोन मजले दिसले, २०१३ ला जीपच्या चेरोकीमध्ये, २०१७ ला ह्युंदाईच्या कोनामध्ये, आणि २०१९ ला आपल्याकडं हॅरियर आणि हेक्टर एकाच वर्षी आल्या. एलईडीमुळं दिवा लहान झाला, कुठंही बसवता येऊ लागला. बोनेट उंच झाल्यामुळं तोंडाला दोन मजले मिळाले. दोन्ही सोयी सगळ्यांना एकाच वेळी मिळाल्या. परभणीकर दादा, इथं मात्र तुमचं थोडं खरं आहे. एकाचं चाललेलं बघून दुसऱ्याची हिंमत वाढते. मागं आडवी पेटणारी लाल पट्टी तर आता जवळजवळ प्रत्येकीला आलीय, आणि ती मला स्वतःला आवडत नाही. तिचं कुठलंही काम नाही, नुसती बघून घेतलेली आहे.

माणसंही तीच फिरतात. पीटर श्रायर ऑडी-फोक्सवॅगनमधून २००६ ला कियामध्ये गेले. आपले प्रताप बोस टाटामधून २०२१ ला महिंद्रामध्ये गेले. मुलं शिकतात त्या संस्थाही जगात मोजक्या. रेघा काढायचं सॉफ्टवेअर बहुतेक स्टुडिओंत एकच, एलियस. इटलीचे डिझायनर ज्यूजारो यांच्या इटलडिझाइननं फियाटसाठी म्हणून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक छोटी गाडी केली होती, लुचोला नावाची. फियाटनं ती घेतली नाही, तेव्हा तीच कल्पना देवूकडं गेली आणि तिची माटिझ झाली. माटिझ आपल्याकडंही धावली, पुढं तिचीच नवी पिढी शेवरोलेची स्पार्क म्हणून आली.

आणि वारा राहिला. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. समृद्धीवर १२० नं जाताना इंजिन बहुतेक हवेशीच झगडत असतं. त्यात २०२२ पासून कंपनीच्या सगळ्या गाड्यांची सरासरी किलोमीटरला ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडवर ठेवायचं बंधन आलं, म्हणून हवेतून निसटणारा आकार सगळ्यांनाच हवाय. हवा ज्या आकाराला कमी अडवते तो कंपनीगणिक बदलत नाही. टोयोटाची २००३ ची प्रियस आणि होंडाची २००९ ची इनसाइट बघा. छत हळूहळू उतरत जातं आणि मागं एकदम कापलेलं. हा आकार जर्मनीत वुनिबाल्ड काम या इंजिनिअरनं १९३० च्या दशकातच अभ्यासला होता. दोन कट्टर स्पर्धक, पण पवनबोगद्यात दोघांना एकच उत्तर मिळालं. आपल्या उभ्या, आखूड एसयूव्हींना हा आकार देता येत नाही, कारण मागं उतरायला लांबीच नाही. त्यांच्यात वाऱ्याचं काम बारीक जागी चालतं. आरशाचा आकार, मागच्या काचेवरची छोटी पट्टी, बंपरच्या कोपऱ्यातली फट. त्या जागाही सगळ्यांच्या त्याच.

पार्टवाला, नांदेड

ताई म्हणाल्या ते बंपरचं एकदम बरोबर. फेसलिफ्टनंतर माझ्याकडं बंपर जुना-नवा वेगळा ठेवावा लागतो, पण दार जुन्या गाडीचं नव्याला बसतं. गिऱ्हाईकाचा विश्वास बसत नाही.

परभणीकर

काका आणि ताई, पटलं. लांबीचं गणित मला माहीतच नव्हतं. पण एक सांगा, मग इलेक्ट्रिक गाड्या तरी वेगळ्या दिसतील का? त्यांना तर इंजिनच नाही.

मांजराकाठ, लातूर

माझाही हाच प्रश्न. आणि जर सगळ्या आतून-बाहेरून अशा एका मापाच्या असतील, तर निवड कशावर करायची? वडिलांना वाचून दाखवलं. मॉरिस ऑक्सफर्डचे फोटो त्यांनी मोठे करून बघितले, पूजोचेही बघितले, आणि म्हणाले, "हे वाळूजचे काका खरं बोलतेत."

डायफिटर, वाळूज

निवडीचं आधी सांगतो. मापं बाहेरून सारखी असली तरी आतली वाटणी सारखी नसते. चार मीटरमधला प्रत्येक इंच कुणाला दिला, मागच्या गुडघ्याला का डिकीला, हे कंपनीनं ठरवलेलं असतं. ड्रायव्हरची सीट तुमच्या मापानं लावा आणि तसंच मागं जाऊन बसा, अर्धा तास बसा, पाच मिनिटं नाही. डोक्यावर किती जागा राहते ते बघा. पुढं बसून उजवीकडं वळायच्या बेतात असल्यासारखी मान फिरवा. जाड खांबामागं अख्खी मोटारसायकल लपते का? काही गाड्यांत लपते, काहींत आरसा खाली दारावर बसवून मधे फट ठेवलेली असते. आपल्याकडं चौकात कोण कुठून घुसेल याचा नेम नसतो, तिथं ही फट तोंडावरच्या दिव्यांपेक्षा जास्त कामाची. मागून येणारं दिसावं म्हणून मागची काचही बघा. चढत्या रेघेच्या नादात ती फार लहान झालीय. माझं स्पष्ट मत आहे की हे वाईट झालंय. रिव्हर्स कॅमेरा आहे म्हणून काच लहान करायची, हे मला मान्य नाही. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल कॅमेऱ्यावर बसला की कॅमेरा गेला.

चारही दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का, तेही बघा. एकाच गाडीच्या दोन्ही बाजू ताडून बघा. डावीकडं सारखी आणि उजवीकडं खाली रुंद होत गेली असेल, तर ती गाडी सोडून दुसरी मागा.

इलेक्ट्रिकचं उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे. इंजिन गेलं, म्हणून नाक आखूड करता येतं आणि चाकं टोकाला नेता येतात. पण बॅटरी पायाखाली सपाट पसरलेली असते, त्यामुळं गाडीतली पाय ठेवायची जागा वर येते आणि गाडी पुन्हा उंच होते. शिवाय एका चार्जमध्ये लांब जायचं असेल तर वाऱ्याची काळजी पेट्रोलपेक्षा जास्त घ्यावी लागते. टाटाची कर्व्ह आणि महिंद्राची बीई ६, एक्सईव्ही ९ई, तिन्हींची छतं मागं उतरती आहेत. म्हणजे वाऱ्यापायी त्या एकमेकींसारख्या होणार. एका बाबतीत मात्र मोकळीक मिळालीय. इलेक्ट्रिक गाडीला जीएसटी ५ टक्केच आहे आणि तिथं लांबीची अट नाही. ४,००० ची रेघ तिच्यासाठी नाहीच. म्हणून एमजीची विंडसर ४,२९५ मिलिमीटर लांब आणि चाकांमधलं अंतर २,७०० एवढी होऊ शकली, बीई ६ तर ४,३७१. ज्या इलेक्ट्रिक गाड्या कोऱ्या कागदावरून काढल्यात, त्यांची मापं आता एकमेकींपासून लांब जायला लागलीत. नेक्सॉन ईव्ही मात्र अजून ३,९९४ च आहे, कारण तिची बॉडी मुळात पेट्रोल नेक्सॉनचीच आहे.